मुलांचं ई-पुस्तकालय मुलांसोबत बसून आखा : शिक्षणमंत्र्यांना परळीहून खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,



मुलांना फोनवर चांगली पुस्तकं वाचायला मिळावीत म्हणून गेल्या काही वर्षांत बरंच काम झालं आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक सर्वांसाठी खुले आहेत. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. तिथं मराठी गोष्टी वाचता येतात, जवळ ठेवता येतात आणि कुणालाही भाषांतर करून त्यात भर घालता येते. १ फेब्रुवारी २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली. राष्ट्रीय पुस्तक न्यासानं ते काम हाती घेतलं आणि आज ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ फोनवर उघडतं. हजारावर पुस्तकं आणि वीसहून अधिक भाषा घेऊन ते सुरू झालं. ज्यांनी ज्यांनी हे उभं केलं त्यांचे आभार मानूनच मी हे पत्र लिहिते आहे.

त्याच अर्थसंकल्पात राज्यांसाठीही एक गोष्ट सांगितली होती. पंचायत आणि प्रभाग पातळीवर मुलांसाठी प्रत्यक्ष वाचनालयं उभारावीत आणि तिथून हे डिजिटल ग्रंथालय वापरता यावं, यासाठी राज्यांना प्रोत्साहन दिलं जाणार होतं. म्हणजे पुढचा मोठा वाटा महाराष्ट्रालाच उचलायचा आहे. मराठीचं दालन वाढवायचं आहे, ते गावोगाव आणि तांड्या-तांड्यांवर न्यायचं आहे. हे काम हाती घेताना माझी एकच विनंती आहे. मुलांच्या ई-पुस्तकालयाची रचना ठरवायला मुलांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या, आणि त्याची सुरुवात परळी वैजनाथहून करा.

परळीच का, हे आधी सांगते.

परळीचं नाव राज्यात वैजनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळं, थर्मल वीज केंद्रामुळं आणि रेल्वे जंक्शनमुळं घेतलं जातं. या तालुक्याची, किंबहुना अख्ख्या बीड जिल्ह्याची आणखी एक ओळख आहे, ती ऊसतोडीची. दसरा झाला की टोळ्या निघायला लागतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायकोचा ‘कोयता’, म्हणजे तोडणीची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. काही मुलं आई-बापांबरोबर जातात आणि कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळतात. काही मुलं आजी-आजोबांजवळ गावातच राहतात. हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून त्यांच्या जेवणाची सोय होते.

या मुलांना पुस्तकांचं कपाट पुरत नाही. कपाट गावात राहतं आणि मूल फडावर जातं. फोनमधलं पुस्तक मात्र कोपीवरही जाऊ शकतं. त्यामुळं डिजिटल ग्रंथालयाची सगळ्यात जास्त गरज कुणाला आहे असं कुणी विचारलं, तर मी या मुलांकडं बोट दाखवीन. आणि आजची रचना सगळ्यात जास्त अडवते तीही यांनाच.

मी परळीत मुलांसाठी एक छोटं वाचनालय चालवते. तिथं येणारी पाचवीतली एक मुलगी हंगामात आजीजवळ राहते, आई-वडील सांगलीकडं फडावर असतात. तिला भुताची गोष्ट वाचायची होती. वाचनालयातल्या भुताच्या गोष्टी तिच्या वाचून झाल्या होत्या, म्हणून मुलांच्या पुस्तकांचं एक ॲप तिच्या घरच्या फोनवर उघडून दिलं आणि शेजारी बसले. ॲपनं आधी मोबाइल नंबर मागितला. तिला पाठ असलेला नंबर एकच, वडिलांचा. तिनं तो घातला आणि ओटीपी गेला फडावर. फोन लावून विचारेपर्यंत मुदत संपली. मग माझ्या नंबरवरून आम्ही आत गेलो. समोर रकाने आले : भाषा, वयोगट, विषय, प्रकाशक. “प्रकाशक म्हंजी काय, ताई?” तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता शोधायच्या चौकटीत लिहिलं, ‘भुत’. काहीच आलं नाही. उकार दीर्घ दिला असता तर कदाचित आलं असतं. तिनं ते सोडून दिलं आणि बोटानं मुखपृष्ठं भराभर वर सरकवायला लागली. मधेच थांबायची, निरखायची, पुन्हा सरकवायची. कशावरून थांबतेस, असं विचारलं तर म्हणाली, “काळं-निळं पान दिसलं की थांबायचं. रातीचं चित्र आसलं की त्यात भूत आसतंय.”

त्या मुलीकडं पुस्तक शोधायची स्वतःची रीत होती आणि ती रीत चांगली होती. त्या ॲपमध्ये तिच्या रितीला जागा नव्हती, इतकंच.

मुखपृष्ठाच्या रंगावरून पुस्तक शोधता यावं, ही गोष्ट जगात एका ग्रंथालयानं फार पूर्वी करून दाखवली आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठानं आणि इंटरनेट आर्काइव्हनं मिळून नोव्हेंबर २००२ मध्ये ‘इंटरनॅशनल चिल्ड्रन्स डिजिटल लायब्ररी’ सुरू केली. पुढे तिच्यात साडेचार हजारांवर पुस्तकं आणि साठाच्या आसपास भाषा आल्या. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की तिची रचना सात ते अकरा वर्षांच्या मुलांनी संशोधकांच्या बरोबरीनं केली. ॲलिसन ड्रुइन आणि बेन बेडरसन हे त्या कामातले प्रमुख संशोधक. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मुलं शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा यायची आणि मोठ्यांसोबत काम करायची.

त्या मुलांमुळं ग्रंथालयात काय काय आलं, ते बघण्यासारखं आहे. मुखपृष्ठाचा रंग निवडून पुस्तक शोधता यायला लागलं. पुस्तक छोटं हवं, मध्यम हवं की लांबलचक, हे आधीच सांगता यायला लागलं. गोष्टीतले प्राणी खरे असावेत की कल्पनेतले, हे निवडता यायला लागलं. वाचून मनाला काय वाटतं, त्यावरूनही शोध घेता येऊ लागला. पृथ्वीचा गोल फिरवून एखाद्या देशातलं पुस्तक काढता येऊ लागलं. वयोगट तिथंही होते, पण अनेक वाटांपैकी ती एक वाट होती. लेखकाचं आडनाव आणि विषयाची यादी घेऊन बसलेल्या जाणत्या ग्रंथपालाला यातल्या निम्म्या गोष्टी सुचल्या नसत्या. एका यादीतून दुसऱ्या यादीत, तिच्यातून तिसरीत उतरत जाण्यापेक्षा सगळे पर्याय एकाच पडद्यावर दिसले तर लहान मुलांना शोधणं सोपं जातं, हेही तिथं तपासण्यांतून दिसलं.

मुलांसोबतच्या अशा कामातून ड्रुइन यांनी २००२ मध्ये एक मांडणी केली, ती आपल्या अधिकाऱ्यांनी जरूर वाचावी. नवं तंत्र घडवताना मुलं चार भूमिकांत असू शकतात. एक, तयार वस्तू वापरणारी. दोन, अर्धी तयार झालेली वस्तू तपासून देणारी. तीन, मोठ्यांनी विचारलं की माहिती देणारी. आणि चार, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत बसून घडवणारी भागीदार. आपल्याकडच्या बहुतेक कामांत मूल पहिल्या भूमिकेतच राहतं. आपण ॲप तयार करतो, परिपत्रक काढतो, शाळेनं किती मुलांच्या फोनवर ते घेतलं याचा तक्ता मागवतो. मूल त्या तक्त्यात एक आकडा होऊन येतं.

भागीदार म्हणून बसवायचं तर कसं, याची रीत मेरीलँडच्या गटानं अगदी तपशिलानं लिहून ठेवली आहे, आणि ती परळीत परवडणारी आहे. मोठी माणसं साध्या कपड्यांत येतात. सगळे जमिनीवर बसतात. बोलायला हात वर करावा लागत नाही. आधी सगळे मिळून खाऊ खातात, मग त्या दिवसाचा एक प्रश्न सगळ्यांना विचारला जातो आणि मोठेही त्याचं उत्तर देतात. एखादी वस्तू तपासायची असेल तर आवडलेलं, नावडलेलं आणि नव्यानं सुचलेलं असं प्रत्येक मत वेगळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावतात. सारख्या चिठ्ठ्या एकत्र आणल्या की कुठं दुखतंय ते सगळ्यांना दिसतं. काही नवं घडवायचं असेल तर पुठ्ठा, दोरा, रंगीत कागद, डिंक अशी पिशवी पुढं ओततात आणि मुलं-मोठे मिळून त्याचा नमुना बनवतात. तिकडं मुलं मोठ्यांना नावानं हाक मारतात. आपल्याकडं ती ‘ताई’ आणि ‘दादा’ म्हणतील आणि तेवढ्यानंच ‘सर-मॅडम’चा दबाव निघून जाईल.

हा प्रयोग आम्ही वाचनालयात आमच्या परीनं करून पाहिला. सगळी पुस्तकं सतरंजीवर पसरली आणि मुलांना म्हटलं, तुम्हाला हवी तशी लावा, प्रत्येक ढिगाला नाव द्या. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मुलांनी पाट्या लिहिल्या. ‘एका दमात संपणारी’. ‘हसू येतंय आशी’. ‘भ्या वाटतंय पण वाचावं वाटतंय’. एका मुलानं ज्या ज्या पुस्तकात आगगाडी होती ती सगळी वेगळी काढून ‘रेल्वेची’ अशी पाटी लावली. त्याचं घर स्टेशनाजवळ आहे. आणि दोन बहिणींनी मिळून एक ढीग लावला, त्यावर लिहिलं, ‘बारक्याला वाचून दावायची’.

महोदय, हा शेवटचा ढीग मी आजवर कुठल्याही ग्रंथालयाच्या वर्गीकरणात पाहिलेला नाही. फडावर धाकट्या भावाला सांभाळणाऱ्या पोरीला हाच खण सगळ्यात आधी लागतो. आणि त्या पाटीतून पुढचा सगळा आराखडा निघतो. मांडीवर बारकं असेल तर एकच हात मोकळा असतो, म्हणून पान अंगठ्यानं उलटलं पाहिजे. चित्र दोघांना एकदम दिसेल एवढं मोठं हवं. बारक्याला पुन्हा तेच पान बघायचं असतं, म्हणून मागं जाणं सोपं हवं. उजेड बेताचा असतो, म्हणून अक्षर ठसठशीत हवं. तज्ज्ञांच्या समितीनं वर्षभर बैठका घेतल्या तरी ही यादी तयार होईलच असं नाही. दोन बहिणींनी ती एका पाटीत दिली.

वयोगटाबद्दलही मुलांकडून शिकावं लागेल. राष्ट्रीय ई-पुस्तकालयात तीन ते आठ, आठ ते अकरा, अकरा ते चौदा आणि चौदा ते अठरा असे चार गट आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या टप्प्यांना ते धरून आहेत आणि प्रशासनाच्या सोयीचे आहेत. पण दरवर्षी निम्मं वर्ष फडावर काढलेल्या सातवीतल्या मुलाला दोन ओळींचं पान वाचायला वेळ लागतो. त्याला सोपं पुस्तक हवं असतं. ते पुस्तक ‘तीन ते आठ’ या पाटीखाली असेल तर मित्रांदेखत तो त्यावर बोट ठेवणार नाही. तेच पुस्तक ‘एका दमात संपणारी’ या पाटीखाली असेल तर तो आनंदानं उघडेल. पुस्तक तेच राहतं, फक्त त्याची मान खाली जात नाही. वयोगट ठेवा, शिक्षकांना आणि पालकांना ते उपयोगी पडतात. मुलांच्या दारावर मात्र मुलांच्या पाट्या हव्यात.

भाषेचंही तसंच. परळीच्या वर्गात बसलेली सगळी मुलं घरी मराठीच बोलतात असं नाही. तांड्यावरच्या बंजारा मुलांची बोली गोरमाटी आहे. शहरात उर्दू माध्यमातून शिकणारी मुलं आहेत. आणि मराठी बोलणारी मुलंही जी बोलतात ती मराठवाड्याची मराठी आहे. त्यांनी माइकवर बोलून पुस्तक मागितलं तर यंत्राला ते समजलं पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, जोडाक्षर तुटलं, तरी जवळचं पुस्तक समोर आलं पाहिजे. शुद्धलेखन शिकवायला शाळा आहे, ग्रंथालयाच्या दारातच त्याची परीक्षा नको. गोष्टींचं वाचन ऐकायला द्यायचं असेल तर काही गोष्टी मुलांच्याच आवाजात मुद्रित करा. गोरमाटीत सांगितलेली गोष्ट तांड्यावरच्या मुलीच्या आवाजात राज्यभर ऐकू गेली, तर ग्रंथालय आपलंही आहे हे तिला वेगळं सांगावं लागणार नाही.

मुलाच्या जगण्यातून शिक्षणाची साधनं घडवायची, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी अंगणवाडी मुलांच्या वस्तीत नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, पानं, बिया, खडे यांतून साधनं केली. मूल कुठं बसतं, त्याच्या हाताला काय लागतं, हे आधी पाहायचं आणि मग शाळेचा आकार ठरवायचा, असं ते काम होतं. आज कुरणाच्या जागी फड आहे आणि खड्यांच्या जागी फोन. पद्धत तीच वापरायची आहे.

पुस्तकाचा आकारसुद्धा मुलांना ठरवू द्यावा, असं मला वाटतं. मेरीलँडच्या ग्रंथालयात एरवीच्या पानांखेरीज चित्रकथेसारखी सगळी पानं एकत्र दाखवणारी आणि पानं गोल गुंडाळीत मांडणारी अशा वाचायच्या वेगळ्या रचनाही होत्या. आम्हाला हे नवल वाटायचं कारण नाही. परळीच्या शेजारी अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर त्यांनी ग्रंथ लिहिला. सांगायचं ते पानात मावेना, तर त्यांनी पान सोडलं. आमच्या मुलांना फोनवर वर-खाली सरकवत वाचायची सवय आहे. त्यांच्यासाठी गोष्ट लांब पट्टीसारखी उलगडावी की पानागणिक यावी, हे त्यांना करून पाहू द्या.

यावर काही शंका निघतील. त्या रास्त आहेत.

मुलं काहीही मागतील, असं म्हटलं जाईल. मागतात. आमच्याकडं एका मुलानं प्रत्येक पानावर मोटारींची शर्यत हवी असं चित्र काढून दिलं. पण भागीदारीत मुलांचं सगळं मान्य करायचं असं नसतं. मोठेही भागीदार असतात, तेही आपलं म्हणणं मांडतात आणि निर्णय मिळून होतो. त्या मुलाशी बोलल्यावर कळलं की पुढचं पान यायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात त्याला कंटाळा येतो. मोटारींच्या मागणीमागं संथ उघडणारं पान होतं. त्या पानाचं वजन कमी करणं हे आपलं काम.

मुलांच्या हातात आधीच फोन फार आहे, त्यात आणखी भर कशाला, असंही कुणी म्हणेल. काळजी खरी आहे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांनी घरात स्मार्टफोन असल्याचं सांगितलं. फोन घरात आला आहेच, त्यात काय असावं एवढंच आपल्या हातात उरलं आहे. मेरीलँडच्या ग्रंथालयाच्या संशोधकांनी जर्मनी, होंडुरास, न्यूझीलंड आणि अमेरिका या चार देशांतल्या १२ मुलांचा चार वर्षं अभ्यास केला. मुलं पडद्यावर अधिक विविध पुस्तकं वाचायला लागली, वाचायची ओढ वाढली, आणि तरीही चार भिंतींचं ग्रंथालय त्यांना हवंच होतं, कारण तिथं भेटता येतं, एकत्र बसता येतं. म्हणून माझी मागणी दोन्हीची आहे. पंचायतीत प्रत्यक्ष वाचनालय हवं आणि फोनवरचं पुस्तकालय त्याच्याशी जोडलेलं हवं.

तिसरी शंका माझी स्वतःची आहे आणि ती सगळ्यात गंभीर आहे. मुलांचा सहभाग म्हणजे फोटोपुरता सहभाग, असं होऊ शकतं. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. मुलांचा वापर करून घेणं, त्यांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, या त्या पायऱ्या. नवे कपडे घालून स्वागतगीत म्हणणारी मुलं आपण प्रत्येक कार्यक्रमात पाहतो. या कामात तसं होऊ नये, याची तजवीज आधीच करावी लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारतानं १९९२ मध्ये मान्यता दिली. तिच्या बाराव्या कलमानुसार मुलाशी संबंधित बाबींत त्याचं मत ऐकलं जाणं आणि त्याला योग्य ते वजन मिळणं हा मुलाचा हक्क आहे. मुलांसाठी बांधलेलं पुस्तकालय ही मुलाशी संबंधित बाब नाही तर दुसरी कोणती?

आता आपल्याकडं नेमकं काय मागते आहे, ते लिहिते.

पहिलं म्हणजे परळीत मुलांचा एक रचना गट तयार करावा. त्यात जिल्हा परिषद शाळेतली, उर्दू शाळेतली, तांड्यावरची आणि हंगामी वसतिगृहाचा आधार असलेली मुलं असावीत, मुली निम्म्या असाव्यात. नीट वाचता न येणारी मुलंही असावीत, कारण ग्रंथालय त्यांच्यासाठीही आहे. बालभारतीचे संपादक, चित्रकार आणि ॲप बनवणारे तंत्रज्ञ त्यांच्यासोबत ठरलेल्या दिवशी बसावेत. हा गट निदान एक पूर्ण वर्ष चालावा, म्हणजे त्यात फडाचा हंगामही येईल. त्या हंगामात गटातल्या मोठ्या माणसांनी कोपीवर जाऊन मुलांना भेटावं.

दुसरं, राज्याच्या पैशानं जे जे मुलांचं ॲप किंवा संकेतस्थळ बनेल, त्याच्या निविदेतच अट घालावी की पहिल्या आराखड्यापासून मुलं सोबत असतील आणि त्यासाठीचा वेळ नि खर्च वेगळा धरलेला असेल. निविदेत नसलेली गोष्ट घाईच्या वेळी आधी गळते, हे आपण माझ्याहून चांगलं जाणता.

तिसरं, ज्यासाठी गटाची वाट बघायची गरज नाही, ते लगेच करावं. पुस्तक उघडायला मोबाइल नंबर आणि ओटीपी लागू नये. पुस्तक एकदा उतरवलं की नेट नसतानाही वाचता यावं आणि एका फोनवरून दुसऱ्या फोनवर देता यावं. एकाच फोनवर घरातली तीन भावंडं वाचत असतील तर प्रत्येकाचं पान वेगळं लक्षात राहावं. लिहिताना झालेली चूक शोधाला समजावी. वयोगटाशिवाय शोधायच्या निदान दोन-तीन वाटा असाव्यात.

चौथं, मुलांची माहिती गोळा करू नये. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवायला मनाई करतो. मूल काय वाचतं, कुठं थांबतं, काय दोनदा वाचतं, हे त्याचं खासगी आहे. रचना गटातल्या मुलांचे फोटो आणि नावंही त्यांच्या आणि पालकांच्या संमतीशिवाय कुठं येऊ नयेत.

आणि पाचवं, ज्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. मुलांनी काय सांगितलं, त्यातलं काय केलं, काय केलं नाही आणि का केलं नाही, हे मुलांना कळेल अशा भाषेत मुलांना सांगावं. दरवर्षी १५ ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन पाळतो. त्या दिवशी शाळेत भाषणं होतात. एका वर्षी तरी त्या दिवशी विभागानं मुलांपुढं उभं राहून हा हिशेब द्यावा. आपण बोललो आणि त्यानं काहीतरी बदललं, हे एकदा कळलेलं मूल पुढं गावसभेतही बोलेल.

हे सगळं एका तालुक्यात करून काय होणार, असं कुणी विचारेल. परळीच्या मुलांना जे जमेल ते पुण्या-मुंबईच्या मुलांनाही जमेल. उलटं मात्र होत नाही. चार्जिंगची, नेटची, नंबरची आणि निवांत वेळेची खात्री असलेल्या मुलांसाठी केलेली वस्तू आमच्याकडं येईपर्यंत अडते. जिथं अडचणी सगळ्यात जास्त आहेत तिथं आधी घडवलेलं पुस्तकालय नंदुरबारलाही चालेल, गडचिरोलीलाही चालेल आणि परदेशात राहून मराठी वाचायला शिकणाऱ्या मुलांनाही चालेल.

वेळेबद्दल एक विनंती. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि दसऱ्यानंतर टोळ्या निघतात. गटाच्या पहिल्या बैठका या चार महिन्यांत झाल्या तर मुलांनी सुचवलेला पहिला नमुना, मग तो दहाच पुस्तकांचा का असेना, फडावर जाणाऱ्या मुलांच्या सोबत जाऊ शकेल. ही वेळ हुकली तर ती मुलं पुन्हा गावात भेटायला उन्हाळा उजाडेल. बसायला जागा आमच्या वाचनालयात आहे, सतरंजी आहे, आणि मुलं बोलायला तयार आहेत. आपल्या विभागातली आणि बालभारतीतली ऐकून घेणारी चार माणसं यंदाच्या पावसाळ्यात परळीला पाठवावीत, ही कळकळीची विनंती.

आपली,
मुलांचं वाचनालय चालवणारी एक कार्यकर्ती
परळी वैजनाथ, जि. बीड